डाव्या कानातला भरमा

बेळगावलगतच्या वडगावात, त्या गल्लीत घरटी एक माग होता. पुढच्या सोप्यात माग, मागाखाली पाय सोडायचा खड्डा, आणि उजाडल्यापासून धोट्याची खटखट. दिवसभर लुगडी विणणारी ही माणसं गुरुवारी आणि एकादशीला, दिवे लागायच्या वेळी, यमनाप्पाच्या घरी भजनाला बसत. यमनाप्पा सगळ्यांत वडील. त्यानंच हे मंडळ उभं केलं होतं आणि भरमाला लहानपणापासून गायला शिकवलं होतं. आता गायचा तो भरमा. जोतिबा पखवाजावर असायचा. बाकीचे टाळ घेऊन झील धरायचे.

भरमाची एक रीत होती. अभंगाला हात घालण्याआधी तो डोळे मिटून नुसता सूर धरायचा. शब्द नाही, ताल नाही, एकच लांब आवाज. दारातून आत-बाहेर करणारी पोरं थांबायची, चुलीपाशी बोलणाऱ्या बाया गप्प व्हायच्या. सगळं घर निवळलं की भरमा मान जराशी हलवायचा, आणि मग जोतिबाची पहिली थाप पडायची. दोघं एका गल्लीत वाढलेले, एकाच वर्षी मागावर बसलेले. ती मान हललेली जोतिबाला डोळे मिटूनसुद्धा कळायची.

भरमाची बायको सत्यवती निपाणीकडच्या हिरेवाडीची. एकोणीसशे चौतीस-पस्तीसच्या सुमाराची गोष्ट. त्या वर्षी दसऱ्याला हिरेवाडीच्या लोकांनी आग्रहानं निरोप धाडला की आमच्या जावयाचं भजन पालखीपुढं झालं पाहिजे. सत्यवती आधीच माहेरी गेली होती. मंडळी सर्व्हिस मोटारीनं निपाणीला उतरली आणि तिथून तंबाखूच्या शेतांमधून चालत हिरेवाडीला गेली. तंबाखूची पानं तेव्हा कोवळी, रुंद होती. ऊन त्यांच्यातून गाळून आल्यासारखं हिरवं दिसत होतं. भरमा वाटेत सारखा थट्टा करत होता.

"जोत्या, सासुरवाडी माझी हाय. पखवाज जपून वाजीव. फुटला तर मला नाव ठेवतील."

"आणि तुझा गळा फुटला तर?"

"मग तुला नाव ठेवतील. तू मला काल ताक पाजलंस."

दिवस कलताना पालखी गावाबाहेरच्या माळावर गेली. त्या भागात शिलंगणाचा असा रिवाज होता की इनामदारांच्या बंदुकीचा बार झाला की लोकांनी आपट्याच्या ढिगावर झेप घ्यायची आणि सोनं लुटायचं. बार काढायचा मान इनामदारांच्या जुन्या शिकाऱ्याचा. बंदुकीत नुसती दारू भरायची, छर्रे नाहीत. पण आदल्या दिवशी धाकटे इनामदार तीच बंदूक घेऊन डुकरामागं गेले होते आणि आत भरलेले छर्रे तसेच राहिले होते. दसऱ्याच्या दिवशी त्यांनीच हौसेनं बंदूक शिकाऱ्याच्या हातून काढून घेतली.

पालखी टेकली. सगळा माळ गर्दीनं भरला होता, धूळ सोनेरी होऊन हवेत थांबली होती. भरमानं डोळे मिटले आणि सूर धरला. जोतिबा त्याच्या उजव्या अंगाला, पखवाज गळ्यात घेऊन, त्याच्या मानेची वाट बघत उभा होता.

दोघांच्या डाव्या हाताला, चार पावलांवर उभ्या असलेल्या धाकट्या इनामदारांनी बंदूक वर उचलली. ढेकळावरून त्यांचा पाय सरकला, नळी खाली आली आणि बार झाला.

लोकांना वाटलं, खूण झाली. ते ओरडत आपट्यावर पडले. पानं उडाली. त्या गदारोळात भरमा खाली बसला. अगदी सावकाश, दमलेला माणूस बसतो तसा. जोतिबाला वाटलं, ह्याला चक्कर आली. तो वाकला तेव्हा त्याला भरमाच्या सदऱ्याचा रंग दिसला. माणसं तोंडं उघडून काहीतरी ओरडत होती, पण त्यातलं काहीच त्याला ऐकू येत नव्हतं. भरमाचा सूर तेवढा ऐकू येत होता. स्वच्छ, लांब, जरासुद्धा न थरथरता.

निपाणीहून फौजदार आला, पंचनामा झाला. हिरेवाडीच्या ओढ्याकाठीच भरमाला अग्नी दिला. सत्यवती माहेरच्या ज्या उंबऱ्यातून नवरी होऊन बाहेर पडली होती त्याच उंबऱ्यावर बसून होती, आणि मंडळातली माणसं टाळ कापडात गुंडाळून ओढ्याच्या पाण्याकडं बघत होती.

*

पुढं चिकोडीच्या कोर्टात खटला झाला. पाय सरकला ही गोष्ट खरी होती, आणि मंडळातल्या माणसांनी जे पाहिलं ते तसंच सांगितलं. धाकट्या इनामदारांना थोडी शिक्षा झाली. त्यानंतर एक दिवस थोरले इनामदार स्वतः वडगावला आले. गल्लीच्या तोंडाशी मोटार ठेवून ते चालत सत्यवतीच्या दारापर्यंत आले आणि फेटा काढून हातात धरून उभे राहिले. म्हातारा माणूस, उन्हात टक्कल चमकत होतं. गल्लीतले सगळे माग थांबले. कुणी त्यांना शिव्या दिल्या नाहीत, कुणी "या, बसा"ही म्हणालं नाही. सत्यवती आतून बाहेर आली नाही. बराच वेळ उभे राहून ते आले तसे निघून गेले. मग एकेक माग पुन्हा सुरू झाला.

भजन मात्र बंदच होतं. गुरुवार यायचा. माणसं सवयीनं यमनाप्पाच्या सोप्यात जमायची, भिंतीला टेकून बसायची, पान खायची आणि उठून जायची. एकदा कुणीतरी टाळांची गाठ सोडायला गेलं, तर यमनाप्पा एवढंच म्हणाला, "राहू दे रं." टाळ परत बांधले गेले.

सगळी गल्ली रडली. जोतिबा तेवढा रडला नाही.

त्याची बायको सोनाबाई हे बघत होती. तो वेळेवर मागावर बसायचा, जेवायचा, बोलायचा. पण विणता विणता मध्येच हात थांबायचे. मान डावीकडं कलायची आणि चेहऱ्यावर असं काही यायचं की सोनाबाईला भीती वाटायची. तो हसतोय की काय?

"तुमचा दोस्त गेलाय," एकदा ती न राहवून म्हणाली. "लोकं काय म्हणतील? डोळ्यातनं टिपूस न्हाय तुमच्या."

"गेला व्हय?" जोतिबा म्हणाला. तो भांडत नव्हता. तो खरंच विचारत होता.

त्या दिवसांत बेळगावला धुकं पडायचं. पहाटे वडगावच्या गल्ल्या पिंजलेल्या कापसात ठेवल्यासारख्या दिसायच्या. जोतिबाला बाहेरचं जगही तसंच झालं होतं. उजव्या कानानं धोटा, रहाट, पोरांची भांडणं ऐकू यायची. डाव्या बाजूला ह्यातलं काहीच नव्हतं. तिथं एक मोठी मोकळी जागा होती आणि त्या जागेत भरमा सूर धरून उभा होता. झोपताना तो असायचा आणि जाग आली की असायचाच. कधी माळावरची धूळ दिसायची, कधी तंबाखूच्या पानांतून आलेलं ते ऊन. जोतिबा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेला असायचा आणि त्याला वाटायचं, अजून शिलंगणच चाललंय. अजून बार व्हायचाय. भरमा आता मान हलवेल.

सत्यवती हिरेवाडीहून परत आली होती. भावानं थांब म्हटलं तरी थांबली नाही. भरमाचा माग झाकून ठेवून ती जोतिबाच्या मागाला कांड्या भरून द्यायची. सकाळी घरी रहाटावर सूत गुंडाळायची आणि दुपारी भरलेल्या कांड्यांची टोपली घेऊन यायची. एका दुपारी ती दारात आली तेव्हा माग थांबलेला होता आणि जोतिबा मान कलवून बसला होता. ती टोपली न ठेवता बघत राहिली. एवढ्या लक्ष देऊन बसलेल्या माणसाला काहीतरी ऐकू येत असलंच पाहिजे, असं तिला वाटलं.

"भावजी, काय ऐकताय?"

जोतिबा दचकला. दुसऱ्या कुणाला त्यानं सांगितलं नसतं.

"वैनी, तुम्ही मला येडा म्हणाल."

"न्हाय म्हणत."

"भरमा हाय." त्यानं डाव्या कानाला हात लावला. "हितं. त्या दिवशी त्यानं सूर धरला, तो अजून सोडला न्हाय."

सत्यवती खाली बसली. टोपली मांडीवर तशीच होती. आत सोनाबाई भाकरी थापत होती, तिचा हात थांबला.

"काय म्हणतोय त्यो?"

"म्हणत काय न्हाय. नुसता सूर."

सत्यवतीनं मांडीवरची टोपली खाली ठेवली. मग तिनं हळूच विचारलं, "दमला न्हाय व्हय?"

"न्हाय," जोतिबा म्हणाला. "दमल्यागत वाटत न्हाय."

त्या दिवशी सत्यवती घरी गेली तेव्हा तिच्या चालण्यात फरक होता. सोनाबाईनं दारातून पाहिलं आणि नवऱ्याला पुन्हा कधी रडण्यावरून बोलली नाही.

त्यानंतर सत्यवती रोज दुपारी यायची. कांड्या ठेवायची आणि विचारायची, "हाय?" जोतिबा म्हणायचा, "हाय." एवढंच. कधी ती घटकाभर बसायची, त्याच्या डाव्या बाजूला, भिंतीला टेकून, डोळे मिटून. जणू तिथं बसलं की चुलीची ऊब लागावी तसं काही लागत असावं.

गल्लीत गोष्ट लपत नाही. मंडळातली माणसं एकेक करून येऊ लागली. मागाजवळ बसायची, जोतिबाच्या तोंडाकडं बघायची. एका संध्याकाळी यमनाप्पा काठी टेकत आला. त्यानं जोतिबाला मागावरून उठवलं, दाराच्या उजेडात उभं केलं आणि आपला म्हातारा कान त्याच्या डाव्या कानाला लावला. दोघं तसे उभे राहिले. रस्त्यानं जाणारी माणसं थांबून बघत होती.

"काय ऐकू येत न्हाय," यमनाप्पा म्हणाला.

"आप्पा, ते आत हाय."

"आत म्हंजे कुठं?" म्हाताऱ्याचा आवाज चढला. "मी शिकवला त्याला. त्याला कंठ फुटला तवा मी होतो. पहिला सूर मी धरायला लावला. तुझ्या कानात कसा काय आला त्यो? माझ्या का न्हाय?"

यमनाप्पा उंबऱ्यावर बसला आणि काठीवर कपाळ टेकून रडू लागला. सोनाबाईनं पाणी आणून दिलं. जाताना तो जोतिबाच्या खांद्याला धरून म्हणाला, "रागावलो रं. ध्येनात ठेवू नको. जपून राहा तू."

तेव्हापासून गल्ली जोतिबाला जपायला लागली. त्याच्या दारात पोरांना कुणी दंगा करू देत नसे. भांड्याला भांडं लागलं तरी बाया एकमेकींकडं बघत. त्या थंडीत सगळी गल्ली हलक्या पावलांनी चालत होती.

पण सोनाबाईला दुसरी काळजी होती. नवरा एका कानानं बहिरा होतोय, ह्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. ती त्याला हट्टानं बेळगावच्या कँपातल्या डॉक्टरकडं घेऊन गेली. डॉक्टरनं नळीतून उजेड टाकून पाहिलं.

"बंदूक फार जवळ उडाली," तो म्हणाला. "पडदा फाटलाय. पण भरून येतोय. ऐकू येईल पुन्हा. तो आवाज येतो म्हणता ना, तोही कमी होत जाईल. घाबरू नका."

सोनाबाईनं हात जोडले. जोतिबा खाली बघत राहिला. दुपारी सत्यवतीला त्यांनी सांगितलं, तेव्हा तिच्या हातातली कांडी निसटून गडगडत खड्ड्यात गेली.

"बरं होणार म्हणाला?" तिनं विचारलं.

"व्हय."

"बरं झालं," सत्यवती म्हणाली आणि कांडी शोधायला वाकली. ती बराच वेळ वर आली नाही.

*

सूर एकाएकी गेला नाही. संक्रांतीच्या पुढं तो बारीक व्हायला लागला. आधी जोतिबाला वाटलं, भरमा जरा मागं सरकलाय. पालखीच्या पलीकडं. मग शेताच्या बांधापर्यंत. तो रोज कान देऊन बसायचा आणि रोज भरमा आणखी थोडा लांब गेलेला असायचा, पाठमोरा नाही, तोंड इकडंच करून. तंबाखूची शेतं मध्ये येत गेली.

एका सकाळी धुकं विरळ झालं होतं. जोतिबा अंथरुणात होता. डाव्या अंगाच्या खिडकीत चिमण्या भांडत होत्या. तो ऐकत पडून राहिला, आणि मग त्याच्या ध्यानात आलं की तो त्या कानानं ऐकतोय. चिमण्यांच्या मागं काहीच नव्हतं. त्यानं श्वास धरला. मागची गल्ली ऐकू आली, लांब शहापुराकडं जाणारी बैलगाडी ऐकू आली. जगातलं सगळं ऐकू येत होतं.

दुपारी सत्यवती आली. "हाय?"

"हाय," जोतिबा म्हणाला.

दुसऱ्या दिवशीही तो हेच म्हणाला, आणि तिसऱ्या. मान कलवायची, डोळे मिटायचे, हे त्याला आता मुद्दाम करावं लागत होतं. धोटा चुकायचा आणि धागा तुटायचा. तुटलेला धागा जोडून झाला की पुढचा तुटायचा. सत्यवती शेजारी बसून राहायची. त्याला वाटायचं, आपण हिला भाकरी म्हणून माती देतोय.

एका दुपारी त्यानं धोटा खाली ठेवला.

"वैनी."

"काय?"

"न्हाय आता. बंद झालाय. लई दिवस झालं."

सत्यवती हलली नाही. "ठावं हाय मला."

"कसं?"

"मागल्या आठवड्यात मी डाव्या बाजूनं हाक मारली, तर तुम्ही डावीकडंच वळलात. आधी उजवीकडनं वळायचा." ती शांतपणे बोलत होती. "तुम्ही सांगायची वाट बघत होते. म्हटलं, भावजींनाच सोडवेना झालंय, तर आपण कशाला घाई करा?"

जोतिबानं तिच्याकडं पाहिलं. मग मागावर ताणलेल्या सुताकडं पाहिलं. आणि मग भरमा मेला. इतके दिवस तो माळावर उभा होता, आता तिथं कुणी नव्हतं. जोतिबाच्या तोंडातून जो आवाज निघाला तो त्याचा त्यालाही ओळखू आला नाही. तो मागाच्या लाकडावर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडू लागला. सोनाबाई आतून धावत आली. शेजारचा माग थांबला, मग पलीकडचा, मग समोरचा. खटखट विझत विझत गल्लीच्या टोकापर्यंत गेली, आणि भर दुपारी वडगावची ती गल्ली गप्प झाली.

माणसं दारात जमली. सगळ्यांना काय झालं ते न सांगता कळलं. यमनाप्पा आत येऊन जोतिबाच्या पाठीवर हात ठेवून बसला. सोनाबाई पदर तोंडाला लावून उभी होती. एक सत्यवती तेवढी रडत नव्हती. तिनं सगळ्यांना रडू दिलं. मग ती उठली आणि टोपली काखेत घेऊन यमनाप्पासमोर उभी राहिली.

"आप्पा, आज गुरुवार न्हाय, एकादशी न्हाय. पण सांजच्याला माझ्या घरला या समदे. टाळ घिऊन या."

"पोरी, गाणार कोण?"

"ते मला काय ठावं? घर गप हाय. मला त्या घरात डोळ्याला डोळा लागत न्हाय. कुणी का गाईना. या म्हंजे झालं."

दिवे लागताना मंडळी सत्यवतीच्या सोप्यात जमली. भरमाच्या मागावर चादर पांघरलेली होती, त्याला टेकूनच काहीजण बसले, दुसरीकडं जागा नव्हती. जोतिबानं कणीक मळून पखवाजाच्या डाव्या अंगाला लावली. खूप दिवस न वाजलेलं चामडं कोरडं पडलं होतं. त्याचे डोळे अजून सुजलेले होते. सत्यवती आतल्या दारात भिंतीला टेकून बसली.

सुरू कोण करणार? सगळे एकमेकांकडं बघत राहिले. शेवटी यमनाप्पानं घसा साफ केला आणि सुरुवात केली. त्याचा आवाज फाटका निघाला, मध्येच तुटला. कुणी हसलं नाही. जिथं तो तुटला तिथं झील धरणाऱ्यांपैकी एकानं उचललं, तो चुकला तेव्हा तिसऱ्यानं. कुणाचा सूर वर होता, कुणाचा खाली. एकट्याला पुरा अभंग कुणालाच येत नव्हता, कारण इतकी वर्षं तो भरमाला येत होता. असं चाचपडत, अंधारात भिंत धरून चालावं तसे ते पुढं गेले. जोतिबा सगळ्यांच्या मागून हळू हळू वाजवत राहिला.

दुसरं कडवं संपता संपता सोनाबाईनं आतून हात हलवला. मंडळींना वाटलं, काही हवंय. तिनं बोट ओठावर ठेवून सत्यवतीकडं दाखवलं.

सत्यवतीला झोप लागली होती. भिंतीला टेकलेलं डोकं खांद्यावर कललं होतं, तोंड जरा उघडं होतं, हात मांडीवर सैल पडले होते. दसऱ्यापासून तिला असं झोपलेलं कुणी पाहिलं नव्हतं. यमनाप्पानं टाळ हलके केले. बाकीच्यांनीही केले. कुणीतरी थांबायची खूण केली, तशी झोपेतच सत्यवतीची कपाळाची शीर हलली, आणि सोनाबाईनं घाईनं दोन्ही हात हलवले. थांबू नका.

मग ते थांबले नाहीत. पुढचं कडवं कुणाला आठवेना, म्हणून तेच तेच एक चरण ते फिरून फिरून म्हणत राहिले, दर खेपेला आणखी हळू, आणि जोतिबा बोटांच्या टोकांनी पखवाजाला नुसता हात लावत होता. शेजारच्या घरची पोरं जेवायला बोलवायला आली आणि दारातच उभी राहिली. सोनाबाईनं आतून एक वाकळ आणून सत्यवतीच्या पायांवर घातली.